पंडिता रमाबाईंचे धर्मांतर आणि महात्मा फुले

धर्मांतर करणारा माणूस कशाला तरी भुलला असणार, हा आरोप आपल्या समाजाला नवा नाही. 1883 साली पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा पुण्यात हेच बोलले गेले. त्यांनी विचार केला असेल, हे कोणाला मान्यच नव्हते.

विचार मात्र फार आधी सुरू झाला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. पुराणे सांगत तीर्थे फिरणारे हे ब्राह्मण कुटुंब 1870 च्या दशकातील दुष्काळात मोडले. पुंजी दानधर्मात संपलेली. आई, वडील, बहीण सगळे गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी देश तुडवत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण ज्या शास्त्रांसाठी हा गौरव झाला, तीच वाचताना त्यांचा विश्वास उडाला. आपसांत भांडणारे हे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांना हीन ठरवताना एकमत होते. पुढे भाऊही वारला. त्यानंतर रमाबाईंनी शूद्र गणल्या जाणाऱ्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. दोन वर्षांच्या आत तेही कॉलऱ्याने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही होती.

1882 मध्ये पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांना तिथल्या जोगिणी माणसासारखे सांभाळताना त्यांनी पाहिले. त्याचा परिणाम खोल झाला. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या मिशनच्या आज्ञेत राहिल्या नाहीत. त्रिमूर्तीच्या सिद्धांतावर त्यांनी धर्मगुरूंशी वाद घातला. 1885 मध्ये महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पुण्याच्या सुधारकांपैकी अनेक जण गप्प असताना हे घडले, हे आपण विसरतो.

1886 पासून त्या अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये सल्लागार मंडळ बाहेर पडले. ‘केसरी’ने तर आघाडीच उघडली होती.

एक गोष्ट मला खटकते. पुस्तक काय, सदन काय, केंद्रस्थानी उच्चवर्णीय विधवाच होती. ही चौकट 1896 च्या दुष्काळाने मोडली. उपाशी मुलींना जात न विचारता त्या केडगावला घेऊन आल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये मुली विणकाम, शेती, छापखान्याची कामे शिकल्या. शेवटची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. मनोरमा 1921 मध्ये गेली, रमाबाई 5 एप्रिल 1922 ला.