मेघनाद साहा आणि प्रयोगशाळेचे दार

भारतीय शास्त्रज्ञ म्हटले की जगदीशचंद्र बोस, रामन आणि होमी भाभा ही नावे आमच्या मुलांना पाठ असतात. मेघनाद साहांचे नाव आलेच तर एका ओळीत येते, आणि त्या ओळीत त्यांची जात नसते. जात सांगितली नाही म्हणजे पुरोगामीपणा झाला, असा एक सोयीचा समज आपल्याकडे रुजला आहे. त्यामुळे वस्तीतल्या पोराला हा माणूस आपला वाटण्याची सोयच राहत नाही. म्हणून आज आम्ही साहांविषयी लिहीत आहोत.

६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातल्या शेओडातली या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील जगन्नाथ किराणा मालाचे छोटे दुकान चालवीत. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. साहा ही मंडळी दारू विकणाऱ्या शुंडी जातीशी जोडलेली, व्यापारात पडून थोडी सावरलेली, पण भद्रलोकांच्या पंक्तीला न चालणारी. पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत शुंडी आहेत आणि साहा वगळलेले आहेत. तेव्हा त्यांना ओढूनताणून दलित ठरवण्याचा आमचा इरादा नाही. पण विटाळ काही सरकारी यादी बघून पाळला जात नाही.

गावात पुढची शाळा नव्हती. दहा किलोमीटरवरच्या शिमुलियाला होती. तिथल्या अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी मुलाला घरात फुकट ठेवून घेतले. अट एवढीच की गाय सांभाळायची आणि आपले ताट आपण धुवायचे. साहांनी त्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर मानले. ते त्यांचे मोठेपण. आम्हाला मात्र त्या वेगळ्या धुतल्या जाणाऱ्या ताटापाशी क्षणभर थांबावेसे वाटते.

मुलगा ढाका जिल्ह्यात पहिला आला आणि महिना चार रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. थोरला भाऊ ताग गिरणीत वीस रुपयांवर होता, त्याने त्यातले पाच दिले. पूर्व बंगालच्या वैश्य समितीने दोन दिले. एकूण अकरा रुपयांत ढाक्याचे शिक्षण सुरू झाले. हा हिशेब आमच्या वाचकांना नवा नाही. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्ध पोरे उठली, गव्हर्नर फुलर शाळेत आले तेव्हा निषेध झाला, त्यात साहाही होते. शाळेने काढून टाकले आणि शिष्यवृत्ती गेली. दुसऱ्या शाळेतून परीक्षा देऊन १९०९ साली ते पूर्व बंगालमध्ये पहिले आले.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय आणि जगदीशचंद्र बोस शिकवायला होते. राहायला होते ईडन हिंदू हॉस्टेल. तिथे काही सवर्ण मुलांनी त्यांच्याबरोबर जेवायला नकार दिला. सरस्वती पूजेच्या दिवशी तर त्यांना पूजास्थानाजवळ येऊ दिले नाही. जिच्या नावाने विद्येचा उदोउदो करायचा तिच्यापाशी वर्गातल्या हुशार मुलाला मज्जाव! साहा हॉस्टेल सोडून मेसमध्ये राहायला गेले. १९१५ च्या एम.एस्सी.ला ते दुसरे आले, पहिले त्यांचे मित्र सत्येंद्रनाथ बोस.

आता मुख्य गोष्ट. कलकत्ता विद्यापीठ तोवर मुख्यतः परीक्षा घेणारे खाते होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या वकिलांच्या देणग्यांवर आशुतोष मुखर्जींनी १९१४ साली तिथे विज्ञान महाविद्यालय उभे केले आणि १९१६ साली या दोन्ही तरुणांना शिकवायला घेतले. आशुतोष ब्राह्मण होते, हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही. त्यांनी दार उघडले, एवढे खरे. उपकरणे फारशी नव्हती. होती पुस्तके आणि मोकळीक. या दोघांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरचे निबंध जर्मनमधून इंग्रजीत आणले, विद्यापीठाने ते १९२० साली छापले. १९१७ मध्ये साहांनी एक मोठा निबंध अमेरिकेतल्या नियतकालिकाला पाठवला होता. छपाईच्या खर्चाचा वाटा द्या, असे उत्तर आले. पैसे नव्हते, निबंध पडून राहिला.

आणि मग १९२० साली ते समीकरण आले. सूर्याचा वा ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला की काळ्या रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. पण काही द्रव्यांच्या रेषा सूर्यात सापडतच नव्हत्या. ती सूर्यात नाहीतच की काय? साहांनी दाखवले की प्रचंड उष्णतेत अणूमधला इलेक्ट्रॉन सुटतो आणि अणूच्या रेषाच बदलतात. किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील हे तापमान आणि दाब यांवरून त्यांच्या समीकरणाने काढता येऊ लागले. रुबिडियम सूर्यावरच्या थंड डागांत सापडेल, असे त्यांचे भाकीत होते. अमेरिकन शास्त्रज्ञ रसेल यांना ते तिथे सापडले. पुढे १९२५ मध्ये हार्वर्डच्या सिसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधारे तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचा निष्कर्ष काढला. ज्याला पूजेच्या चौरंगाजवळ जागा नव्हती, त्याने ताऱ्यांचे तापमान मोजण्याची रीत जगाला दिली.

युरोपला जायला पैसा मिळाला तो प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीतून. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, तेच हे प्रेमचंद. परतल्यावर १९२३ ते १९३८ अशी पंधरा वर्षे साहांनी अलाहाबाद विद्यापीठात पदार्थविज्ञान विभाग बांधण्यात घालवली. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. कलकत्त्याला परत आल्यावर त्यांनी अणुविज्ञान अभ्यासक्रमात आणले, सायक्लोट्रॉनचा घाट घातला. टाटांच्या विश्वस्त निधीतून पैसा आला, अमेरिकेतून भाग मागवले, त्यातले निर्वात पंप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. यंत्र वर्षानुवर्षे रेंगाळले, पण विद्यापीठातली पोरे ते जुळवताना शिकत गेली.

सगळे काही वेदांत आहे म्हणणाऱ्या एका वकिलाला त्यांनी वेदांत नेमके कुठे, असे विचारले होते. त्या गृहस्थांनी वेद वाचलेलेच नव्हते! साहांनी मात्र ग्रंथ वाचून काढले आणि मगच त्यावर लिहिले.

बाबासाहेबांशी त्यांचे काम जुळते ते दामोदर नदीवर. १९४३ च्या पुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याप्रमाणे संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार व्हावा, हा आग्रह ते सायन्स अँड कल्चर या आपल्या मासिकातून धरत होते. त्याच वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज बाबासाहेबांकडे होती. १९४५ साली कलकत्त्यात बैठका घेऊन त्यांनी ही योजना पुढे रेटली, आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झाले. धरणांचा इतिहास सांगणारे यातली दोन्ही नावे गाळतात.

स्वातंत्र्यानंतर मात्र साहा एकटे पडत गेले. १९४८ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग झाला. साहांचा विरोध होता. आधी उद्योगांचा पाया घाला, विद्यापीठांत माणसे तयार करा, असे ते सांगत होते. संशोधन आणि पैसा विद्यापीठांतून उचलून दिल्ली-मुंबईच्या बंद संस्थांत नेला तर विद्यापीठे पुन्हा परीक्षा घेणारी खातीच उरतील, ही त्यांची भीती होती. नेहरूंचे कान भाभांकडे होते. १९५२ मध्ये साहा अपक्ष म्हणून लोकसभेत गेले आणि अणुखात्याच्या गुप्ततेवर सरकारला प्रश्न विचारत राहिले. भाभांची योग्यता आम्ही नाकारत नाही. पण किराणा दुकानदाराचा पोर बंद संस्थेच्या फाटकातून आत आला नव्हता. तो विद्यापीठाच्या दारातून आला होता, अकरा रुपयांवर.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना ते कोसळले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले.

विद्यापीठाच्या आवारात त्यांनी उभी केलेली अणुविज्ञान संस्था १९५० साली आयरीन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते सुरू झाली होती. त्यांच्या मृत्यूनंतर तिला साहांचे नाव मिळाले. पुढे ती अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली गेली. केंद्रीय शिक्षण संस्थांतील प्रवेशात आरक्षण देणारा कायदा २००६ साली संसदेत झाला, तेव्हा ज्या संस्थांना हे आरक्षण लागू होणार नाही त्यांची यादी कायद्याच्या परिशिष्टात जोडली गेली. भाभा अणुसंशोधन केंद्र त्यात आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आणि कलकत्त्याची साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्सही आहे.