चित्रांतून बोलके करणारा गुरू

सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपातील शाळा मुलांना तुरुंगासारख्या वाटत. तेथे लॅटिन ही परकी भाषा शिकावी लागे. अर्थ कळो वा न कळो, नियम मुखोद्गत करावे लागत. चुकले की छडी बसे. ही रीत पालटण्यासाठी ज्याने आपले आयुष्य वेचले, तो थोर शिक्षक म्हणजे कोमेनियस.

कोमेनियसचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियात झाला. हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात आहे. लहानपणीच तो आईबापांवाचून पोरका झाला. सोळाव्या वर्षी त्याला लॅटिन शाळेत प्रवेश मिळाला. तेथील घोकंपट्टीचा त्याला वीट आला. पुढे तो स्वतः शिक्षक व धर्मोपदेशक झाला.

इतक्यात युद्धाचा वणवा पेटला. साथीच्या रोगाने त्याची पत्नी व दोन मुले हिरावून नेली. १६२८ मध्ये त्याला मायभूमी सोडून पोलंडमधील लेश्नो गावी आश्रय घ्यावा लागला. तेथे त्याने मातांसाठी एक पुस्तक लिहिले. मुलाची पहिली शाळा आईची मांडी होय. वस्तू दाखवीत तिचे नाव उच्चारावे, म्हणजे मूल सहज बोलू लागते, असे त्याचे मत होते.

पण हत्ती किंवा समुद्र वर्गात कसा आणावा? त्यासाठी त्याने चित्रांचे साहाय्य घेतले. हंगेरीत अध्यापन करीत असता त्याने मुलांसाठी एक सचित्र पुस्तक रचिले. १६५६ मध्ये लेश्नो गाव जळाले. चाळीस वर्षे खपून तयार केलेला त्याचा शब्दकोश त्या आगीत भस्मसात झाला. तरीही तो खचला नाही. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘ऑर्बिस पिक्टस’, म्हणजे ‘चित्रमय जग’, हे त्याचे नाव.

त्यात दीडशे प्रकरणे होती. चित्रातील वस्तूंना आकडे घातलेले असून तेच आकडे मजकुरातील शब्दांना दिले होते. लॅटिनशेजारी मुलांच्या परिचयाची जर्मन भाषा होती. आरंभीची अक्षरे तर पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून शिकविली होती; कावळा ‘आ’ शिकवी, कोकरू ‘बे’ शिकवी! मूल चित्र पाही, बोट ठेवी आणि आपण होऊन बोलू लागे.

१६७० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे कोमेनियस निवर्तला. मायभूमीचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. आज मात्र त्याच्या मायदेशी त्याचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळतात. ज्याचे घरदार व ग्रंथ काळाने हिरावले, त्याने जगातील मुलांच्या हाती चित्रांचे पुस्तक दिले.