अणूंचा कैवारी : लुडविग बोल्ट्झमान

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. भौतिकशास्त्राशी माझी शाळेतच फारकत झाली. तरीही बोल्ट्झमानविषयी लिहावेसे वाटते, कारण त्याचे आयुष्य ज्या वादात गेले तो मुळात तत्त्वज्ञानाचाच वाद होता : जे डोळ्यांना दिसत नाही, ते आहे असे म्हणावे की नाही?

२० फेब्रुवारी १८४४ रोजी व्हिएन्नात त्याचा जन्म झाला. वडील करखात्यात होते; हा पंधरा वर्षांचा असतानाच ते वारले. १८६६ मध्ये डॉक्टरेट आणि पंचविसाव्या वर्षी ग्राझ विद्यापीठात प्राध्यापकी! पुढे व्हिएन्ना, पुन्हा ग्राझ, म्युनिक, लाइपझिग अशी भ्रमंती झाली. ग्राझलाच त्याला हेन्रिएटे भेटली. तिला गणित-विज्ञान शिकायचे होते, पण स्त्री म्हणून विद्यापीठाने वर्गाचे दार लावून घेतले. तिने दाद मागावी असा सल्ला त्यानेच दिला. १८७६ मध्ये त्यांचा विवाह झाला.

बोल्ट्झमानचे म्हणणे थोडक्यात असे. सर्व पदार्थ अतिसूक्ष्म कणांचे बनलेले आहेत, हे कण सतत हालत असतात आणि आपण ज्याला उष्णता म्हणतो ती या हालचालीचीच ऊर्जा. घन पदार्थातले कण परीक्षेला बसलेल्या मुलांसारखे : जागा सोडायची नाही, चुळबुळ मात्र चालू. द्रवातले कण स्नेहसंमेलनाच्या गर्दीसारखे, एकमेकांना खेटून सरकणारे. वायूतले म्हणजे सुटीची घंटा झाल्यावर मैदानभर पांगलेले. आपल्याभोवतीच्या हवेतले रेणू सेकंदाला सरासरी ५०० मीटरच्या आसपास वेगाने धावत असतात. बर्फ वितळताना उष्णता देत राहिले तरी तापमान चढत नाही, कारण ती ऊर्जा कणांची परस्परांवरील पकड सैल करण्यात खर्ची पडते.

पण त्याची खरी करामत पुढेच आहे. सर्व कणांचा वेग सारखा नसतो. काही मंद, बरेचसे मध्यम, थोडे फार वेगवान. ही वाटणी मॅक्सवेलने मांडली होती, बोल्ट्झमानने ती व्यापक केली. माठातले पाणी गार का होते, याचे उत्तर तिच्यात आहे : वेगवान कण पृष्ठभागावरून निसटतात, मागे मंद उरतात.

मग आक्षेप आला, तोही त्याचा ज्येष्ठ स्नेही लोश्मिट याच्याकडून. प्रत्येक टक्कर उलटीही होऊ शकते, तर खोलीभर पसरलेला अत्तराचा वास कुपीत परत का जात नाही? १८७७ मध्ये बोल्ट्झमानने उत्तर दिले. परत जाणे अशक्य नाही. पण पसरण्याचे मार्ग इतके अगणित आणि परतीचे इतके थोडे, की ते कधी घडताना दिसणार नाही. निसर्गनियमाच्या गाभ्यात त्याने संभाव्यता आणून बसवली. मला हे धाडस अणूंच्या कैवारापेक्षाही मोठे वाटते.

विरोधकही सामान्य नव्हते. ज्याचा अनुभव येत नाही ते मानायचे कशाला, हा माखचा सवाल. ओस्टवाल्डला तर ऊर्जेपलीकडे अणूंची गरजच वाटेना. १८९५ मध्ये ल्यूबेक येथे जाहीर वाद रंगला. गंमत अशी की याच ओस्टवाल्डच्या लाइपझिगला बोल्ट्झमान १९०० मध्ये नोकरीस गेला, आणि दोघांची मैत्रीही टिकली!

दृष्टी अधू होत गेली, दम्याने गाठले, मनाला कधी उधाण तर कधी खोल उदासी. ५ सप्टेंबर १९०६ रोजी त्रिएस्तेजवळच्या दुइनो गावी, कुटुंबासह सुटीवर असताना, त्याने आपले जीवन संपवले. विरोधकांनी त्याचा बळी घेतला असे सांगण्याची प्रथा आहे. मला ती सोपी वाटते. आजारी मनाचा हिशेब इतका सरळ नसतो.

त्यापूर्वी एक वर्ष, १९०५ मध्ये, आइन्स्टाइनने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची थरथर रेणूंच्या धक्क्यांनी होते हे गणिताने दाखवले होते. १९०८ पासून फ्रान्समध्ये पेऱँने प्रयोगांनी ते पडताळले, आणि ओस्टवाल्डनेही अणू मान्य केले. व्हिएन्नाच्या दफनभूमीत बोल्ट्झमानच्या समाधीवर त्याचे संभाव्यतेचे सूत्र कोरले आहे. त्यातला स्थिरांक त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि २०१९ पासून तापमानाचे केल्विन हे एकक त्यावरच ठरते.