मोर्चामागचा माणूस : बेयर्ड रस्टिन

वॉशिंग्टनचा २८ ऑगस्ट १९६३ चा मोर्चा म्हटला की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण आठवते. सुमारे अडीच लाख माणसे त्या दिवशी राजधानीत आली आणि शिस्तीत परत गेली. त्यांच्या गाड्या, पिण्याचे पाणी, शौचालये, शिदोऱ्या, ध्वनिक्षेपक या साऱ्याची जुळवाजुळव दोन महिन्यांच्या आत ज्याने केली, तो बेयर्ड रस्टिन मात्र आपल्या फारसा परिचयाचा नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो, आणि त्याचे कारण केवळ हा मोर्चा नव्हे.

रस्टिन १९१२ साली पेन्सिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर येथे जन्मला. आजी-आजोबांनी त्याला वाढविले. जिला तो थोरली बहीण समजत असे, तीच त्याची आई होती. आजी ज्यूलिया क्वेकर संस्कारांतली. आपल्याला मुलींपेक्षा मुलांचा सहवास अधिक आवडतो, असे त्याने तिला सांगितले तेव्हा तिने आकांडतांडव केले नाही. कृष्णवर्णीय आणि त्यातून समलिंगी अशा मुलाला त्या काळी घरातून एवढे मिळणे ही थोडीथोडकी शिदोरी नव्हे. पुढे त्याच्यावर जे कोसळले ते त्याने कशाच्या बळावर सोसले, याचे उत्तर मी तरी या आजीपाशीच शोधतो.

दक्षिणेतल्या बसमधली एक हकीकत तो उतारवयात सांगत असे. मागच्या, काळ्यांच्या बाकांकडे जाताना एका गोऱ्या बाळाने त्याचा टाय ओढला आणि आईने बाळाला दटावले. आपण मुकाट्याने मागे बसलो तर हे मूल हाच न्याय समजून मोठे होईल, असे त्याच्या मनात आले. १९४२ मध्ये टेनेसीत पुढचे आसन न सोडल्याबद्दल पोलिसांनी त्याला बेदम मारले. परंतु त्या बाळाच्या प्रसंगातून त्याने आणखी एक गोष्ट उचलली : आपण समलिंगी आहोत हे लपविले तर आपणही त्या अन्यायाचेच वाटेकरी ठरू. १९४० च्या दशकात हा विचार करणारा माणूस किती एकटा असेल!

युद्धाला नकार दिल्यामुळे तो दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. १९४८ च्या अखेरीस तो भारतात आला तेव्हा गांधीजी हयात नव्हते. त्यांच्या अनुयायांसमवेत काही आठवडे राहून तो परतला.

खरा घाव १९५३ चा. पासाडीना येथे दोन पुरुषांसोबत पकडला गेल्यामुळे त्याला साठ दिवसांची कैद झाली. बारा वर्षे जिची सेवा केली, त्या शांततावादी संघटनेतून त्याला बाहेर पडावे लागले. शत्रूने मारले तर माणूस सोसतो; येथे दूर सारणारे आपलेच होते. तरी तो घरी बसला नाही. १९५६ मध्ये माँटगोमेरीत जाऊन तो किंग यांचा सल्लागार झाला. तेथूनही त्याला लवकरच निघावे लागले. १९६० मध्ये काँग्रेस-सदस्य अॅडम क्लेटन पॉवेल यांनी किंग आणि रस्टिन यांच्यासंबंधी खोटी वदंता पसरविण्याची धमकी दिली, आणि किंग यांनी त्याला दूर केले. किंग यांच्याविषयी मला आदर आहे, पण हे त्यांना शोभले नाही.

१९६३ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी त्याचे पासाडीनाचे प्रकरण भर सभागृहात उकरून काढले. या वेळी मात्र ए. फिलिप रँडॉल्फ, मोर्चाचे वयोवृद्ध प्रमुख, त्याच्या पाठीशी खंबीर उभे राहिले, आणि इतर नेत्यांनीही साथ सोडली नाही.

१९७७ पासून वॉल्टर नेगल हा त्याचा जीवनसाथी होता. दोघांना विवाहाचा हक्क नव्हता, म्हणून १९८२ मध्ये रस्टिनने त्याला कायद्याने दत्तक घेतले. घर दत्तकाला योग्य आहे का, हे पाहायला एक समाजसेविका येऊन गेली! आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तो समलिंगींच्या हक्कांसाठी उघडपणे बोलू लागला. २४ ऑगस्ट १९८७ रोजी तो वारला. २०१३ मध्ये त्याला मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले, ते नेगलने स्वीकारले. पासाडीनाच्या शिक्षेबद्दल कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांची माफी २०२० साली आली.