गोळेश्वरचे खाशाबा आणि त्यांचे पाठीराखे



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर येतील, म्हणून मी एका माणसाच्या चरित्रावर लिहायचं ठरवलं. तो माणूस आपल्या शाळेचा नाही, आपल्या तालुक्याचाही नाही. पण आपल्यासारख्या गावातल्या शाळेत शिकलेला आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या मेळाव्यात निघावी असं मला मनापासून वाटतं. खाशाबा दादासाहेब जाधव. 1952, हेलसिंकी, कुस्ती, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सामान्यज्ञानाच्या पेपरात एका मार्काला येणारी ही माहिती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्या एका मार्काच्या मागे एक कॉलेज आणि बरीच गावं उभी होती, ती सहसा कुणी सांगत नाही.

याकडे माझं लक्ष गेलं ते एका भलत्याच खेळामुळे. नोकरीच्या निमित्ताने काही महिने मी अमेरिकेत कान्सास सिटीत होते. ऑफिसमधल्या एक बाई दर शनिवारी तासभर गाडी चालवून एका लहान कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्याला जात. टीव्हीवर दिसतात ती मोठी विद्यापीठं वेगळी. आसपासच्या लहान कॉलेजांचा आपापला गट असतो, हिवाळाभर ती एकमेकांशी खेळतात. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले. प्रेक्षक तीनचारशे, त्यात निम्मे माजी विद्यार्थी. कोण कुठल्या गावचा, कुणाचा गुडघा दुखावलाय, कुणाच्या बापाचं शेत कुठे आहे, सगळं त्यांना ठाऊक. अशा लहान कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा कान्सास सिटीत 1937 साली आठ संघांवर सुरू झाली, आणि ती उभी करण्यात खुद्द बास्केटबॉलचे जनक जेम्स नाइस्मिथ यांचा हात होता. त्यातले बहुतेक खेळाडू पुढे कुठेही चमकत नाहीत. तरी लोक येतात, वर्गणी देतात, संघाच्या बसचा खर्च उचलतात.

आपल्याकडे असं काही होतं का, हा प्रश्न घेऊन मी परत आले. उत्तर कोल्हापुरात सापडलं.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वर गावी. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत हे सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवलं. शाळा कराडची टिळक हायस्कूल, 1940 ते 1947. हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. 1942 च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटलेला होता, नाना पाटलांचं प्रतिसरकार तिथलंच. शाळकरी खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, निरोप पोचवणं अशी कामं केली.

शाळा संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. हे कॉलेज 1880 सालचं. कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी घडवलेली कुस्तीची पंढरी. गल्लोगल्ली तालमी आणि हजारोंना बसून कुस्ती पाहता येईल असं खासबाग मैदान. अशा गावात कॉलेजचा एक किरकोळ अंगाचा, जेमतेम उंचीचा मुलगा कुणाच्या नजरेत भरणार? कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी त्यांचं नावच घेतलं नाही, असं सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली, आणि या मुलाने आपल्याहून भारी गडी एकामागून एक पाडले. अंगात ताकद होतीच, पण खरी करामत डावांची. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्राचार्यांनी तो दिवस पाहिला आणि लक्षात ठेवला. पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे.

1948 साली लंडनला ऑलिंपिक भरलं. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तेव्हा संस्थान होतं, कुस्तीला राजाश्रय होता. खाशाबा गेले आणि तिथे त्यांची गाठ पडली गादीशी. आपल्या मातीतल्या कुस्तीत समोरच्याची पाठ जमिनीला लागली, चितपट झाली, की निकाल. गादीवर वेळ मोजतात, गुण मोजतात, पंच हात वर करून निर्णय देतात. पाय मातीत रुततात तसे गादीत रुतत नाहीत, पकड वेगळी घ्यावी लागते. हे सगळं त्यांना नवं होतं. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना शिकवलं. एवढ्या तयारीवर फ्लायवेट गटात, म्हणजे 52 किलोत, ते सहावे आले. 

परत आल्यावर त्यांनी सराव वाढवला आणि वरच्या वजनगटात, 57 किलोच्या बँटमवेटमध्ये उतरायचं ठरवलं. मात्र चार वर्षांत एक मोठी गोष्ट बदलली होती. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ज्या दरबाराने 1948 चा खर्च उचलला, तो दरबार उरला नाही. नवं सरकार होतं, पण खेळाडूला परदेशी पाठवण्याची घडी अजून बसलेली नव्हती. आधी निवडीचाच घोळ झाला. मद्रासच्या स्पर्धेत गुणांत आपल्यावर अन्याय झाला असं खाशाबांना वाटलं. त्यांनी कुस्तीचे शौकीन असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली.

निवड झाली, आता पैसे. राजा गेलेला, सरकार अजून पोचलेलं नाही, अशा मधल्या काळात एक पैलवान हेलसिंकीला कसा जाणार? तो गेला तो लोकांच्या पैशावर. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांत घरोघर फिरून वर्गणी गोळा झाली. दुकानदारांनी दिली, शेतकऱ्यांनी दिली. तरी रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 1952 सालचे सात हजार. कॉलेजच्या प्राचार्याने विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर गहाण टाकावं, ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा थांबते. घरात काय बोलणं झालं असेल, बँकेत सही करताना हात थरथरला असेल का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पदक मिळेल याची काही खात्री नव्हती. खात्री होती ती मुलाची.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. शेवटच्या टप्प्यात जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याकडून ते हरले. इशींना सुवर्ण मिळालं, मम्मदबेयोव्हना रौप्य. लागोपाठच्या दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही, आणि ती मागायला गादीशेजारी आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. तरीही 23 जुलै 1952 रोजी कांस्यपदक त्यांना मिळालं. कोल्हापूरचेच केशव माणगावेही त्या संघात होते, त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. यानंतरचं वैयक्तिक पदक भारताला मिळालं ते 1996 साली, लिएंडर पेसच्या रूपाने. मधली चव्वेचाळीस वर्षं खाशाबा एकटेच होते.

कराडला स्वागत झालं ते राजाचं व्हावं तसं. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक स्टेशनवरून निघाली. एरवी थोड्याच मिनिटांत संपणारी गोळेश्वरची वाट त्या दिवशी तासन्‌तास चालली. ज्यांनी वर्गणी दिली होती तेच लोक गाड्या सजवून आले होते. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. गुरूने शिष्यासाठी केलं आणि शिष्याने ते फेडलं, एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर पाठ्यपुस्तकात शोभली असती.

पण माणसाचं आयुष्य मिरवणुकीनंतरही चालू राहतं. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचं ऑलिंपिक हुकलं. 1955 साली ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, दलातल्या मुलांना कुस्ती शिकवली, आणि सहायक पोलिस आयुक्त होऊन निवृत्त झाले. शेवटच्या वर्षांत निवृत्तिवेतनासाठीसुद्धा त्यांना झगडावं लागलं. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 2000 सालचा. दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचं नाव 2010 साली दिलं गेलं. आता आपल्या राज्यात त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. हे सगळं चांगलंच झालं, पण त्यांना पाहायला मिळालं नाही.

मला या चरित्रात दोन प्रकारचे पाठीराखे दिसतात. एक, निकाल लागल्यावर येणारे. पुरस्कार, फलक, जयंती ही त्यांची कामं, आणि तीही अनेकदा पन्नास वर्षं उशिरा. दुसरे, निकालाच्या आधीचे. त्यात कॉलेजच्या एका स्पर्धेत मुलाला ओळखणारे प्राचार्य आहेत आणि चार आणे, आठ आणे देणारी, आपला पोरगा म्हणणारी गावं आहेत. त्यांना ऑलिंपिकचे नियम ठाऊक नव्हते, हेलसिंकी नकाशावर कुठे आहे हेही बहुतेकांना माहीत नसणार. त्यांना गोळेश्वर माहीत होतं, आणि तेवढं पुरलं. कान्सासमधल्या त्या बाई याच जातकुळीतल्या, म्हणून मला त्यांची आठवण झाली.

आता आपल्याकडे वळते. आपण शाळेत होतो तेव्हा जिल्हा ठाणे होता. माहीमहून एसटीने पालघर, तिथून गाडी, आणि पुढे ठाण्याच्या बाजूला कुठेतरी जिल्हा स्पर्धा. कबड्डीच्या मुलामुलींचा डबा, भाडं, कधी बूट, हे सर-बाई खिशातून भागवत. कोण काय देत होतं हे आपल्याला तेव्हा कळत नव्हतं, त्यांनीही ते कधी सांगितलं नाही. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, अंतर कमी झालं. पण दुसरं एक अंतर वाढलं आहे. मोठ्या स्पर्धांत आता कबड्डी मॅटवर होते, आणि आपल्या गावातली मुलं अजून मातीत आणि किनाऱ्यावरच्या वाळूत घाम गाळतात. पायाची पकड वेगळी, पडण्याची पद्धत वेगळी, बूट घालून पळण्याची सवय नाही. गावात भारी पडणारा चढाईपटू मॅटवर पहिल्या पाच मिनिटांत बावरतो. खाशाबांचं 1948 साली लंडनच्या गादीवर जे झालं, तेच आपल्या पोरांचं आजही होतं.

आपल्यापैकी कुणाला घर गहाण ठेवावं लागणार नाही. आपण बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आहोत, मुंबईत आहोत, परदेशात आहोत, वाडी सांभाळून आहोत. सगळ्यांनी मिळून शाळेच्या खेळाडूंसाठी एक छोटा निधी चालवणं आपल्याला अवघड नाही. त्यातून वापरलेल्या का होईना मॅट घ्याव्यात, स्पर्धेचं जाण्यायेण्याचं भाडं आणि बूट द्यावेत, आणि कुणाचा गुडघा दुखावला तर उपचाराचा खर्च करावा. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खेळ सुटलेल्या मुलाकडे कुणी बघत नाही. हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे द्या. संगणकावर तो दर महिन्याला सगळ्यांना दिसेल अशी सोय मी करते. आणि पैशाइतकंच दुसरं काम म्हणजे सामन्याला जाऊन बसणं. निकाल काहीही लागो, गावची चार मोठी माणसं कडेला उभी आहेत हे मुलांना दिसू दे.

हा निधी कसा चालवायचा, त्यात शाळेचं कोण आणि आपलं कोण असावं, याबद्दल बोलायला मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर अर्धा तास मागून घेतला आहे. ज्या सर-बाईंनी आपल्या वेळी खिशातून भाडी भरली, त्यांनी त्या वेळी नक्की थांबावं ही विनंती. कुठे किती खर्च येतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.