डीफोर्ड बेली : एका विलंबित सन्मानाचे चरित्र

कलावंतांचा गौरव करणाऱ्या संस्था त्या निमित्ताने स्वतःचाही इतिहास लिहीत असतात. कोणाला आधी बोलावले, कोणाला फार उशिरा आणि कोणाला तो हयात नसताना, यावरून त्या इतिहासामागील दृष्टी कळून येते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गाण्यावाजविण्यातून उदयास आलेल्या कंट्री संगीताच्या दोन प्रमुख संस्था टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरी आहेत. १९२५ साली रेडिओवर सुरू झालेला 'ग्रँड ओल ओप्री' हा साप्ताहिक जलसा ही पहिली. आणि १९६१ साली आपले पहिले मानकरी निवडणारे 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम' हे कीर्तिदालन ही दुसरी. ओप्रीचे सदस्यत्व कलावंताच्या मृत्यूबरोबर संपते. कीर्तिदालनातील स्थान मात्र कायमचे असते. डीफोर्ड बेली यांना पहिल्या संस्थेने ऐन उमेदीच्या काळात दूर केले आणि दुसरीने त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी स्वीकारले. त्यांचे चरित्र हे म्हणूनच एका व्यक्तीचे आणि त्याबरोबर एका सन्मानपद्धतीचेही चरित्र आहे.

बेली यांचा जन्म १४ डिसेंबर १८९९ रोजी टेनेसीतील स्मिथ परगण्यात झाला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, परंतु फिडलवादनात नावाजलेले होते. तिसऱ्या वर्षी बेली यांना पोलिओ झाला. अंथरुणास खिळलेल्या त्या काळात हार्मोनिका, म्हणजेच आपल्याकडील माउथ ऑर्गन, त्यांच्या हाती आला. दुखण्याने उंची खुंटली आणि पाठीला किंचित बाक आला. कान मात्र विलक्षण तयार झाला. आगगाडीची धडधड, शिकारी कुत्र्यांचे भुंकणे, गुराढोरांचे आवाज हे त्यांचे पाठ होते. घरी जे संगीत चाले ते कृष्णवर्णीय कुटुंबाचे होते आणि डोंगराळ मुलखातील गोऱ्या शेजाऱ्यांच्या संगीताहून ते फार वेगळे नव्हते. पुढे ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाराने या सामायिक परंपरेची वर्णानुसार वाटणी केली. बेली यांचे स्थान त्या वाटणीच्या नेमके सीमेवर होते.

तरुणपणी ते नॅशव्हिलला आले आणि घरकाम, लिफ्ट चालविणे अशी मिळतील ती कामे करीत राहिले. डॉ. हम्फ्री बेट या वादकाच्या आग्रहामुळे डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर त्यांना प्रवेश मिळाला. हे केंद्र एका विमा कंपनीच्या मालकीचे होते आणि त्याच्या जलशाचे सूत्रसंचालन जॉर्ज हे करीत. रूढ वृत्तान्तानुसार १० डिसेंबर १९२७ रोजी अभिजात संगीताच्या कार्यक्रमापाठोपाठ बेली यांनी 'पॅन अमेरिकन ब्लूज' ही आगगाडीची रचना वाजविली. त्यानंतर हे यांनी आधीच्या कार्यक्रमातील ग्रँड ऑपेराची थट्टा करीत आपल्या जलशाला ग्रँड ओल ओप्री हे नाव दिले. संस्थेच्या नामकरणाच्या क्षणी मंचावर असलेला कलावंत हा असा कृष्णवर्णीय होता. १९२८ साली ५२ आठवड्यांपैकी ४९ आठवडे ते या जलशात वाजवीत होते. इतकी हजेरी दुसऱ्या कोणाचीही नव्हती. त्याच वर्षी व्हिक्टर कंपनीने नॅशव्हिलमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात त्यांचा सहभाग होता. आठ रचना मुद्रित झाल्या, तीनच प्रकाशित झाल्या.

रेडिओवर कलावंताचा वर्ण दिसत नाही. दौऱ्यावर मात्र तो आधी दिसे. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे दक्षिणेतील हॉटेले बेली यांना जागा नाकारीत. त्यांच्याबरोबर हिंडणारे अंकल डेव्ह मेकन हे त्यांना आपला नोकर म्हणून सांगत आणि खोलीत घेत. रॉय एकफ व बिल मन्रो हे ओप्रीत नवखे असताना त्यांच्या दौऱ्यांत बेली यांच्या नावावर गर्दी जमे.

१९४१ साली संगीतरचनांच्या मानधनावरून अॅस्कॅप ही रचनाकारांची संस्था आणि रेडिओ कंपन्या यांच्यात तंटा झाला. अॅस्कॅपकडे नोंदलेल्या रचना रेडिओवरून बंद झाल्या. बेली यांच्या गाजलेल्या रचना त्यांतच मोडत. श्रोत्यांना त्याच हव्या होत्या आणि केंद्राला नव्या. त्या वर्षीच बेली यांना कमी करण्यात आले. तंटा त्याच वर्षी मिटला. परंतु त्यांना परत बोलावण्यात आले नाही. पुढे १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हे यांनी त्यांना संस्थेचे शुभचिन्ह म्हटले आणि दोष त्यांच्या आळशीपणावर ठेवला. कलावंताला शुभचिन्ह ठरविले की त्याच्या कलेचा हिशेब द्यावा लागत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

त्यानंतर बेली यांनी नॅशव्हिलमध्ये बुटांना पॉलिश करण्याचे दुकान चालविले. दरम्यान कीर्तिदालनाची यादी वाढत होती. १९६२ साली एकफ, १९६६ साली मेकन आणि त्याच वर्षी हे, १९७० साली मन्रो असे त्यांचे सहप्रवासी एकेक करून आत गेले. बेली यांना विसरले गेले होते असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. जुन्या संगीताच्या अभ्यासकांना ते ठाऊक होते, निमंत्रणेही येत. परंतु अटी न पटल्यास ते ती स्पष्टपणे नाकारीत. आपल्या कलेची किंमत आपणच ठरवावयाची, हा त्यांचा बाणा अखेरपर्यंत टिकला.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ओप्रीने जुन्या कलावंतांसाठी खास कार्यक्रम केला. तेहतीस वर्षांनंतर बेली त्या जलशात वाजविण्यास उभे राहिले. त्याच वर्षी आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी ओप्रीच्या नव्या नाट्यगृहातही त्यांनी वादन केले. २ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी नॅशव्हिलच्या ग्रीनवुड दफनभूमीत त्यांच्या समाधीवर शिला बसविण्यात आली. त्या प्रसंगी एकफ व मन्रो उपस्थित होते. १९९१ साली डेव्हिड मॉर्टन व चार्ल्स वुल्फ यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि २००५ साली कीर्तिदालनाने त्यांना मानकरी केले. २०२३ साली ओप्रीने आपल्या पूर्वीच्या वर्तनाबद्दल खेद व्यक्त केला.

या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या कलावंतांच्या रात्री मिळणारा मंच, समाधीची शिला, कीर्तिदालनातील नाव आणि संस्थेचा खेद, या चार सन्मानांपैकी पहिलाच बेली यांना स्वतः अनुभवता आला, आणि त्यातच त्यांची कला ऐकू आली. उरलेल्या तिहींनी इतिहासाची दुरुस्ती केली. ही दुरुस्ती आवश्यक होती, कारण तिच्यावाचून कंट्री संगीत हे एकाच वर्णाचे असल्याचा समज दृढ झाला असता. परंतु दुरुस्ती म्हणजे भरपाई नव्हे. १९४१ नंतरच्या तीन दशकांत जे वादन ध्वनिमुद्रित होऊ शकले असते, ते कोणत्याही दालनात सापडणार नाही. वृद्ध कलावंताचा सन्मान करणाऱ्या संस्थेने त्याचे नाव कोरण्यापूर्वी त्याला वाजविण्यास जागा द्यावी, एवढेच हे चरित्र सांगते.