कर्मवीर भाऊराव पाटील : कष्टाला शाळेची वाट दाखवणारा माणूस



१९०० साली साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच साताऱ्यात चोवीस वर्षांनी एका माणसानं गोरगरिबांच्या पोरांसाठी राहणं, काम आणि शिक्षण एकाच छपराखाली आणलं. ते कर्मवीर भाऊराव पाटील.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरकडच्या कुंभोजचा. घराणं जैन, मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितलं, ती त्यांनी केली नाही. बोर्डिंग सुटलं. मॅट्रिकही झाली नाही. बोर्डिंगचे चालक होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढं १९१४ च्या डांबर प्रकरणात त्याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला. तुरुंग भोगला, पण खोटं बोलले नाहीत.

नंतर पोटासाठी किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. गरिबाच्या पोराला डोकं आहे. पण शाळा लांब, तिथं राहायला जागा नाही, खायला भाकरी नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. म्हणून १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, सगळी पोरं एका पंगतीला. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. पोरांच्या धान्याला पैसा नसला की लक्ष्मीबाईंचे दागिने जात. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या माउलीनं डोळे मिटले.

आता मुद्द्याची गोष्ट. भाऊरावांची पोरं फुकट शिकत नव्हती. दळण, स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेती, दगड फोडणं, सगळं तीच करायची. आपल्यातला कुणी विचारील, पिढ्यान् पिढ्या आम्ही राबलोच की, मग यात नवल काय? फरक आहे बघा. गावकीची कामं जातीनं ठरलेली. मेलेलं ढोर महारानंच ओढायचं, आणि बदल्यात शिळी भाकरी. ती कामं सोडा म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं ते योग्यच. भाऊरावांकडं पाटलाचं पोरही झाडू घ्यायचं आणि आपलंही. आणि त्या घामाच्या बदल्यात मिळायची विद्या. कष्टातली जात काढली, म्हणून तिथं कष्टाची लाज उरली नाही.

पुणे कराराच्या आठवणीसाठी १९३२ साली त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज उघडलं. खेड्यातलं पोर तिथं राहायचं, शिकायचं आणि मास्तर होऊन खेड्यातल्या शाळेवर जायचं. हातात नोकरी आणि गावाला शाळा, दोन्ही साधलं. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, तिथं कमवा आणि शिका ही पद्धत नावारूपाला आली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज झालं. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं होतं.

आम्ही गिरणीत राबलेली माणसं. ऐन उमेदीत हातात कला नसली तर काय हाल होतात, हे आम्ही आजूबाजूला बघितलंय. म्हणून मेढ्यातल्या आईबापांना एवढंच सांगणं आहे. पोराला किंवा पोरीला राहून शिकायच्या कुठल्याही ट्रेनिंगला धाडताना फी आणि इमारत बघाच, पण दोन गोष्टी आधी विचारा. तिथं सगळे एका पंगतीला बसतात का? आणि बाहेर पडताना लेकराच्या हातात नुसता कागद असेल, की पोट भरेल अशी विद्या? भाऊरावांनी या दोन्हींची सोय शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या साताऱ्यात केली होती.